कार्डावरची बाई

मी पडले तेव्हा मोजपट्टीने पहिला प्रश्न विचारला तो असा, "आज कोण आहेस तू?"

लागलं का, उठता येतंय का, असलं काही नाही. मोजपट्टी म्हणजे आमच्या दूधडेअरीचा सुपरवायझर. कॅनमध्ये बुडवायची स्टीलची पट्टी तो जेवतानासुद्धा खिशात ठेवायचा, म्हणून ते नाव. त्याने विचारलं त्यात त्याच्या बाजूने काही चूक नव्हतं. डेअरीत कॅन धुण्याची एक जागा होती आणि त्या एका जागेवर आम्ही दोघी जावा आठ वर्षं काम करत होतो. एक आठवडा थोरली, एक आठवडा मी. कार्ड थोरलीच्या नावाचं, फोटोही तिचाच. सकाळी हजेरीला तिचं नाव पुकारलं की जी कोणी गेली असेल तिने "हजर" म्हणायचं. मोजपट्टीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला कॅन धुतले गेल्याशी मतलब.

हे सुरू झालं मोठ्या दिरांमुळे. खडीच्या मशीनवर वीस वर्षं धूळ खाऊन त्यांच्या छातीचं पार खोकं झालं होतं. त्यांना विम्याच्या दवाखान्यात न्यायचं, रांगेत बसवायचं, घरी आणून वाफ द्यायची, हे जाऊबाईशिवाय कोण करणार? आणि तिचे खाडे झाले तर नोकरी जाणार, नोकरी गेली की विम्याचं कार्ड जाणार, कार्ड गेलं की दिरांचं औषध बंद. मग मीच म्हटलं, ताई, एक आठवडा तू जा, एक मी जाते. मला तरी कुठे एका जागी बसवतंय? घरात मला सगळे भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही.

मी पडले त्या वेळी डेअरीतला बॉयलर बंद पडून सोळा दिवस झाले होते. दुधाचा तुपकट चिकटा कढत पाण्याशिवाय फरशी सोडत नाही. गार पाणी मारलं की तो उलट सगळीकडे सारखा पसरतो, आणि मेली फरशी दिसते मात्र स्वच्छ. आम्ही बायका रोज ओरडत होतो. मोजपट्टी रोज म्हणायचा, सुटा भाग मागवलाय, येईल. गमबूट होते, पण त्यांचे तळ इतके गुळगुळीत झाले होते की आम्ही ते काढून ठेवायचो आणि अनवाणी, पायाची बोटं रोवत चालायचो. त्या सकाळी दोन हातांत दोन रिकामे कॅन घेऊन मी नळाकडून मांडणीकडे वळले आणि डावी टाच सटकली. कॅन दोन बाजूंना गडगडत गेले. मी जिथल्या तिथे आदळले, आणि खुब्यातून आवाज आला, ओली काटकी पिळून मोडावी तसा.

"आज कोण आहेस तू?"

"भिंगरी," मी म्हटलं.

"म्हणजे कार्ड तुझं नाही."

"नाही."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. फरशी घासणारी चष्मेवाली तेवढी समोर होती, हातात ब्रश तसाच धरून. "मग तू इथे नव्हतीसच," तो म्हणाला.

दुधाच्या टेम्पोत क्रेटच्या मधल्या जागेत पोतं टाकून मला झोपवलं. टेम्पो खड्ड्यात गेला की माझ्या तोंडून जे निघत होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. मोजपट्टी पुढे बसून मागे मान वळवून मला शिकवत होता. "हे बघ, घरी पडले म्हणायचं. मोरीत पाय घसरला. डेअरीचं नाव घेतलंस तर तुझं कार्ड कुठाय विचारतील, मग दोघींचं काम गेलंच समज. दिराचं औषध चालू आहे ना?" सरकारी दवाखान्यात कारकुनाने विचारलं, कुठे पडलात? मी म्हटलं, मोरीत. त्याने लिहून घेतलं. त्या क्षणी त्याने विचारलं असतं, तुम्ही घोड्यावरून पडलात का, तरी मी हो म्हटलं असतं, फक्त कुणीतरी सुई द्या म्हणून.

संध्याकाळी जाऊबाई आली ती आंबट दुधाच्या वासासकट. मोजपट्टीने तिला फोन केला होता म्हणे. अर्धवट घासलेली भांडी टाकून ती धावत डेअरीत गेली, माझाच ओला एप्रन बांधला, त्याच फरशीवर उरलेले कॅन धुतले आणि संध्याकाळी सही करून बाहेर पडली.

"हजेरी मोडू दिली नाही बघ मी," ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली.

"बरं केलंस," मी म्हटलं.

दोघींना किती शहाणपणा वाटला त्याचा! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

डॉक्टर पोरसवदा होता, पण नीट बोलला. खुब्याचा गोळा मोडलाय, तो बदलावा लागेल, हे काम इथे होत नाही. विम्याच्या मोठ्या दवाखान्यात फुकट होईल, बाहेर करायचं तर घर विकायची तयारी ठेवा. "तीन महिन्यांच्या आत करा," तो म्हणाला. "पुढे पाय आखडत जातो. मग गोळा बदलला तरी चालणं पहिल्यासारखं होत नाही." नवऱ्याने विचारलं, आणि नाहीच केलं तर? डॉक्टरने माझ्याकडे न बघता सांगितलं की बसून राहतील.

मला घरी आणलं. पायाला पट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याच्या दांडीवरून खाली आणि तिला दोन विटा टांगलेल्या. मुलं येऊन त्या विटांना झोका द्यायची. पहिल्या आठवड्यात नवरा थट्टेने म्हणाला, "बरं झालं, भिंगरी एका जागी तरी थांबली." मीही हसले. मग त्याच्यावर भांडं द्यायची वेळ आली. त्याने ते उलट्या बाजूने सरकवलं, अर्धं खाली, अर्धं अंथरुणात. तो तोंड फिरवून उभा राहिला आणि मी ओल्यात पडून राहिले, जाऊबाई डेअरीतून येईपर्यंत. त्यानंतर कुणी थट्टा केली नाही.

ती आता रोजच जात होती. पहाटे उठून मला पुसायची, कुशीवर करून पाठीला पावडर लावायची, दिरांना वाफ द्यायची, स्वयंपाक उरकायची आणि पळायची. संध्याकाळी आली की तिचे हात सोड्याने सोललेले असायचे, आणि त्याच हातांनी ती मला पुन्हा पुसायची. मी ओरडायची, हळू! ती म्हणायची, "बाई गं, माझ्यात आता हळू राहिलंच नाही."

पाठीला जखम धरली. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड दिसायला लागला. मी रोज चादर वर करून टाचेला टाच लावून बघायची.

दुसऱ्या महिन्यात नवऱ्याने शहरातून वकीलबाई आणली. ती गरिबांच्या केसेस फुकट लढवायची. स्कूटरवरून आली, हेल्मेट मांडीवर घेऊन उपड्या क्रेटवर बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही च्च च्च केलं नाही, म्हणून मला ती आवडली.

"कायदा तुमच्या बाजूने आहे," ती म्हणाली. "ज्याने काम केलं तो कामगार. कार्डावर नाव कुणाचंही असो. ओली फरशी, बंद बॉयलर, झिजलेले बूट, ही डेअरीची जबाबदारी. त्यांनी तुमचं नाव विम्यात घालायलाच हवं होतं. ते सिद्ध झालं तर ऑपरेशनही होईल आणि भरपाईही मिळेल."

"मग झालंच की," नवरा म्हणाला.

"सिद्ध झालं तर म्हटलं मी. दवाखान्याच्या कागदावर मोरी आहे. रजिस्टरमध्ये त्या दिवशी थोरल्या बाई पूर्ण दिवस हजर आहेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

जाऊबाई दारात उभी होती. तिने खाली पाहिलं.

नवरा म्हणाला, "दुसरं काही? म्हणजे... कार्डावरची बाईच पडली म्हटलं तर? वहिनीच्या नावाने ही गेली दवाखान्यात, तर कोण बघतंय?"

"फोटो आहे, अंगठा आहे," वकीलबाई म्हणाली. "पकडले गेलात तर दोघींवर खटला. मी त्यात नाही. आणि तिसरा मार्ग म्हणजे गप्प बसणं. तो फुकट आहे, त्याला वकील लागत नाही."

पडताना कुणी पाहिलं, ते तिने विचारलं. नवरा चष्मेवालीकडे जाऊन आला. ती म्हणाली, माझी नजर अधू आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, मला साक्षीला कशाला ओढता. बाकीच्या बायका नोकरीच्या भीतीने पुढे येईनात. उरली जाऊबाई. सगळं तिच्या एका तोंडावर येऊन ठेपलं.

"मी सांगते ना," जाऊबाई दारातूनच म्हणाली. "काय घडलं तेच सांगायचंय. आम्ही दोघी जायचो, त्या दिवशी ही होती, ही पडली, मग मी गेले. त्यात अडखळायचं काय?"

दीर आतल्या खोलीत खोकत होते. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "सांग. भिंगरीने आठ वर्षं माझ्यासाठी खेटे घातलेत." मला रडू आलं. आमचं घर काही देवमाणसांचं नाही, आम्ही साखरेवरूनसुद्धा भांडतो, पण त्या दिवशी मला वाटलं की मी चालणार.

वकीलबाईने लेबर ऑफिसात अर्ज टाकला. साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. तारीख पडली तेव्हा तीन महिन्यांतले सोळा दिवस उरले होते. जाऊबाई कामं करता करता साक्षीचं पाठ करायची. माझी वेणी घालताना म्हणायची, "साहेब, आम्ही दोघी जावा." मी साहेब व्हायची, आवाज जाड करून विचारायची, "काय पुरावा?" ती माझी वेणी ओढायची आणि म्हणायची, "हा घ्या पुरावा." तेवढंच हसू त्या घरात.

तारखेच्या दोन दिवस आधी मोजपट्टी आला. आत आला नाही. माझी खाट खिडकीला लागून होती आणि तो अंगणात जाऊबाईशी बोलत होता. आवाज चढवायची त्याला गरजच नव्हती.

"सांग की, खरं सांग," तो म्हणाला. "कुणी अडवलंय? फक्त पुढचं ध्यानात घे. कार्ड तुझं आणि आठ वर्षांतली अर्धी हजेरी दुसरीची. म्हणजे कार्ड खोटं. मग विमावाले विचारतील, नवऱ्याचे उपचार कुठल्या हक्काने घेतलेत? औषध त्याच दिवशी बंद. ऑक्सिजनचं नळकांडं घरी आणलंय ना तुम्ही? ते पण जाईल. मी कोण सांगणारा, तू शहाणी आहेस."

ती आत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"काही नाही. बॉयलर दुरुस्त झाला म्हणाला."

तिने बादली घेतली, फडकं पिळलं आणि माझी पाठ पुसायला लागली. जखमेभोवती तिचा हात कधी नव्हे इतका हळू फिरत होता. मला काय कळायचं ते कळलं. पण तोंडाने विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं आणि ती खरं बोलली असती, तर उरलेले दोन दिवस मी कशावर काढले असते?

लेबर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर निघालं. लिफ्ट नव्हती. पाय मोडलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकायचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याचं मला एकदा तोंड बघायचंय. लाकडी खुर्चीला मला बांधून एका बाजूने नवऱ्याने उचललं, दुसऱ्या बाजूने दिरांनी. नको म्हटलं तरी दीर ऐकेनात. दर पाच पायऱ्यांना ते थांबायचे, खुर्ची पायरीवर टेकायची आणि त्यांच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज यायचा. वर-खाली जाणारे लोक आमच्याकडे बघत अंग चोरून जात होते. वर पोचलो तेव्हा दिरांचे ओठ निळे पडले होते. जाऊबाई त्यांना बाकावर बसवून पाठ चोळत राहिली.

साहेबांचं टेबल, पलीकडे डेअरीचा वकील आणि मोजपट्टी, अलीकडे आमची वकीलबाई. साहेब वयस्क होते, दमलेले होते, पण वाईट वाटले नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, रजिस्टर चाळलं आणि साक्षीदार म्हणून जाऊबाईचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, कार्डावर होतं तसं.

"हजर!" मी म्हणाले.

आठ वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. सगळी खोली माझ्याकडे वळली. मोजपट्टीचा चेहरा उतरला आणि आमची वकीलबाई ताडकन उठली. "साहेब, हे लिहून घ्या! ह्या बाईला ह्या नावाने हाक मारली जायची, याहून आणखी पुरावा कुठला हवा?"

साहेबांनी चष्मा काढला. ते माझ्याकडे बघून थोडं हसलेसुद्धा. मला वाटलं, अगं बाई, चुकून का होईना, जिंकलो आपण. क्षणभर दुखणंसुद्धा विसरले.

साहेब जाऊबाईकडे वळले. "तुम्ही सांगा. ह्या तुमच्या नावाने कामाला जायच्या?"

ती उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकावर दीर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं. खोलीत तो एकच आवाज होता.

"नाही," ती म्हणाली. "मीच जायचे."

"मग ह्यांनी हजर का म्हटलं?"

"घरी मुलांशी खेळताना म्हणते ती तसं. मी ऐकवायचे ना घरी, हजेरी कशी घेतात ते."

"त्या दिवशी?"

"मीच होते. संध्याकाळपर्यंत होते. सही आहे माझी."

नवरा ओरडला, "वहिनी!" साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. दीर बाकावरून काहीतरी म्हणायला गेले, पण त्यांना खोकल्याची उबळ आली आणि शब्द आतच राहिला.

साहेब मला म्हणाले, "तुम्हाला यांना काही विचारायचं असेल तर विचारा."

वकीलबाई माझ्या कानाशी वाकली. "विचारा. एक प्रश्न विचारा, जो फक्त सकाळी तिथे असलेल्या बाईला माहीत असेल. त्या टिकणार नाहीत."

प्रश्न होता माझ्याकडे. त्या सकाळी पहिला टेम्पो आलाच नव्हता, वाटेत बंद पडला होता. कॅन ट्रॅक्टरमधून आले होते. हे रजिस्टरात कुठे नव्हतं, पण ट्रॅक्टरवाल्याला कुणीही विचारू शकलं असतं. जाऊबाईला हे मी कधी सांगितलंच नव्हतं. साहेब, त्यांना विचारा, सकाळचं दूध कशातून आलं. एवढंच म्हणायचं होतं. ती टेम्पो म्हणाली असती आणि मेली असती. माझा पाय मला मिळाला असता, आणि बाकावरचा तो आवाज महिन्या-दोन महिन्यांत बंद पडला असता.

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगते, विचारायलाच उघडलं होतं. जाऊबाईने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती विनवत नव्हती. मार पडणार हे माहीत असलेलं माणूस उभं राहतं तशी नुसती उभी होती.

"काही विचारायचं नाही," मी म्हटलं.

"नक्की?" साहेब म्हणाले.

"नक्की."

वकीलबाईने हेल्मेट उचललं. माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि निघून गेली. अर्जावर साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. मोजपट्टी जाऊबाईला म्हणाला, "उद्या वेळेवर ये." ती हो म्हणाली.

नवरा दाणदाण जिना उतरून गेला. मला कोण उतरवणार हेही त्याच्या डोक्यात राहिलं नाही, की राहूनही गेला, कोण जाणे. दीर उठायला लागले तर जाऊबाईने त्यांना दाबून बसवलं. मग तिने खुर्चीची दोरी सोडली, माझ्याकडे पाठ केली आणि खाली वाकली.

"ये," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात हात टाकले. तिने मला पाठीवर घेतलं तेव्हा खुब्यात अशी कळ आली की मी तिच्या खांद्यात दात रोवले. ती हूं की चूं करेना. एकेक पायरी, भिंतीला हात लावत. पहिल्या वळणावर तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि ते वजनाने की रडण्याने हे मला मागून दिसत नव्हतं.

"बोल गं काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे. पण बोल."

मी बोलले नाही. तिला माफ करावं असं माझ्या मनात आलं नाही, तेव्हाही नाही आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस उलटून गेला तेव्हाही नाही. तिने केलं ते मीही केलं असतं, हे मला कळतं. कळून पाय थोडाच सरळ होतो! जिन्यात मला एवढंच वाटत होतं की हिच्या गळ्यातले हात सोडावेत आणि हिचं तोंड पुन्हा बघू नये. पण सोडले असते तर पडले मीच असते. म्हणून खालपर्यंत तिला घट्ट धरून राहिले.